दारूबंदीच्या जिल्ह्यात, मोबाईलमधला जुगार

मुलांना गेम खेळू द्यावा का, आणि दिला तर किती वेळ, हा प्रश्न आता आपल्या मोहल्ल्यात लग्नाच्या दावतीपासून जुम्याच्या बयानापर्यंत सगळीकडे निघतो. उत्तरं दोनच ऐकू येतात. एक गट म्हणतो, मोबाईलच फितना आहे, हातातून काढून घ्या. दुसरा म्हणतो, जमाना बदलला, पोरगं निदान घरात तरी आहे, खेळू द्या. भांडण जोरात चालतं आणि मोबाईलच्या आत नेमकं काय चाललंय ते मात्र दोघांपैकी कोणीच उघडून पाहत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. गेम बनवत नाही, पण माणूस स्क्रीनवर आणखी चार मिनिटं कसा थांबेल, या हिशेबाच्या बैठकांना बसलेलो आहे. म्हणून आधी आतलं सांगतो. हलाल-हराम ठरवणं आलिमांचं काम, मी आलिम नाही. पण ठरवताना समोर काय आहे ते त्यांना कोणीतरी नीट सांगायला हवं.

आपण लहान असताना नोकियाच्या फोनवरचा साप खेळलो. साप भिंतीला आपटला की खेळ संपायचा. आजचे मोफत गेम संपत नाहीत, कारण संपले तर धंदा संपला. त्यात रोजची हजेरी असते: आज आलास तर हे बक्षीस, सलग सात दिवस आलास तर ते, एक दिवस चुकलास की साखळी पहिल्यापासून. मुदतीचा पास असतो, जो महिना-दीड महिन्यात वाया जातो, म्हणून पैसे भरलेलं पोरगं तो वसूल करत बसतं. दोस्तांची टीम असते, म्हणजे मध्येच उठणं हा दगा ठरतो. अम्मीने जेवायला हाक मारली आणि पोरगं उठलं नाही, यात हट्टीपणा असतोच, पण तो अर्धाच. उरलेला अर्धा पगार घेऊन काम करणाऱ्या हुशार माणसांनी आखलेला असतो.

एवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता. हजेरी, पास, टीम यांचा त्रास होतो, पण घरात शिस्त असेल तर त्यांना आवर घालता येतो. खरी गोष्ट आहे ती पेटीची. बीजीएमआयमध्ये तिला क्रेट म्हणतात, फ्री फायरमध्ये लक रॉयल नावाचा विभागच आहे, इतर गेममध्ये फिरणारं चाक असतं. पोरगं खऱ्या रुपयांनी यूसी किंवा डायमंड विकत घेतं, ते पेटीवर लावतं, आणि पेटीतून काय निघेल हे त्याला ठाऊक नसतं. बहुतेक वेळा फालतू काहीतरी निघतं. क्वचित कधी बंदुकीची ती चमकणारी स्किन निघते, जिच्यामुळे दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची इज्जत वाढते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं की दाणा ठरलेल्या वेळी न देता अनियमित दिला, तर कबूतर चोच मारणं लवकर सोडत नाही. कॅसिनोतलं यंत्र याच तत्त्वावर चालतं, आणि तेच तत्त्व सहावीतल्या पोराच्या हातात रंगीबेरंगी पेटी होऊन आलं आहे.

आधी पैसे लावायचे, मग नशीब काय देतं ते पाहायचं. याला आपल्या दीनमध्ये काय म्हणतात, हे मदरशातला पहिल्या वर्षाचा मुलगाही सांगेल. मैसिर. पवित्र कुरआनात, सूरह बकराच्या २१९व्या आयतीत आणि सूरह माइदाच्या ९०व्या आयतीत, मद्य आणि मैसिर यांचा उल्लेख एकत्र येतो. जाहिलियतच्या काळातला मैसिर कसा होता तेही जाणून घ्या. उंट कापून त्याच्या वाट्यांसाठी बाण काढायचे. कोणाला मोठा वाटा मिळे, कोणाच्या बाणाला काहीच नाही आणि वर उंटाची किंमत गळ्यात. जिंकलेलं मांस पुष्कळदा गरिबांना वाटलं जाई. म्हणजे त्या जुगारातून भुकेल्याच्या तोंडात घास तरी पडत होता. काही फायदा आहे पण गुनाह त्याहून मोठा, असं कुरआनने त्याबद्दल म्हटलं, आणि पुढे तो पूर्ण बंद केला. आपल्या पोराच्या क्रेटमधून कोणत्या गरिबाच्या घरी मांस जातं?

आपला वर्धा जिल्हा गांधीजी आणि विनोबांच्या नावाने गेली पन्नासेक वर्षं कागदावर दारूबंदीचा आहे. यवतमाळकडून किंवा नागपूरकडून येताना हद्द लागली की आपण पाहुण्यांना ते अभिमानाने सांगतो. आपल्या मोहल्ल्यात कोणी दारूचं दुकान थाटू म्हणालं, तर मशिदीची कमिटी, बचत गटातल्या आपा, कॉलेजची पोरं, सगळे रस्त्यावर येतील. पण त्याच आयतीत दारूच्या शेजारी ज्याचं नाव आहे, ते दुकान आपण दरमहा रिचार्ज मारून घराघरात चालू ठेवलं आहे आणि त्याला ‘गेम’ म्हणतो.

इथे कोणी म्हणेल, आता कायदा आला ना! आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड. चांगलं झालं. रमी आणि फँटसी क्रिकेटच्या जाहिरातींनी विदर्भातली तरणी पोरं कशी खाल्ली, ते आपण पाहिलं आहे. (त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला, मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो म्हणाले. मग त्यांचं कृषी खातं काढून त्यांना क्रीडा आणि युवक कल्याण खातं देण्यात आलं. कापूस-सोयाबीनवाल्या जिल्ह्यात राहून यावर हसावं की रडावं कळत नाही.) पण हा कायदा पैसे जिंकण्याच्या आशेवर उभ्या असलेल्या खेळांसाठी आहे. जिथे रोख काही जिंकायचंच नसतं, फक्त स्किन निघते, त्या पेट्यांचं नावही त्यात स्पष्ट घेतलेलं नाही. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा विकतच्या पेट्यांना तिथल्या जुगार कायद्याखाली बेकायदा ठरवलं. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. तोवर हे काम घराला आणि मोहल्ल्याला करावं लागणार आहे.

मग सरसकट बंदी का नको? शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद, सापडला तर दोनशे रुपये दंड. कोरोनात शाळेसाठी दिलेले फोन पोरांच्या हातातून सुटेनात, गेमचा नाद लागला, म्हणून गावाने हा निर्णय घेतला. त्यांच्या तळमळीबद्दल मला आदरच आहे. पण दारूबंदीच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. बंदी लागली की वस्तू नाहीशी होत नाही, पडद्याआड जाते. आमच्याकडे पोलिसांनी मोहाचा सडवा नष्ट केल्याची बातमी पेपरात अजूनही येतेच. मुलाचा मोबाईल काढून घेतला की तो दोस्ताच्या फोनवर खेळतो, आणि आता तर आपल्याला गेमचं नावही कळत नाही.

देशपातळीवरही हेच झालं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाला, तो चिनी ॲपच्या यादीत होता म्हणून. मुलांचा त्यात विचारच नव्हता. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय होऊन परतला, २०२२ मध्ये दुकानातून पुन्हा हटला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला, आणि या वेळी अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊन आला. तुमच्या ओळखीतलं एक तरी पोरगं दाखवा ज्याने खरी जन्मतारीख टाकली. दक्षिण कोरियाने २०११ पासून सोळाखालच्यांना मध्यरात्रीनंतर ऑनलाईन गेम बंद केले होते. दहा वर्षांनी तो कायदा त्यांनी स्वतःच मोडीत काढला. चीनने २०१९ मध्ये अल्पवयीनांचे तास बांधले. त्यानंतरच्या खेळाच्या प्रचंड नोंदी तपासून २०२३ मध्ये संशोधकांनी लिहिलं की फार जास्त खेळणं कमी झाल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही.

तासांच्या हिशेबाबद्दलही तेच. पाच वर्षांखालच्या लेकरांसाठी तास मोजायलाच हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक वर्षाच्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराच्या वर नको. जेवण भरवताना हातात फोन देणाऱ्या सगळ्या घरांना हे लागू आहे. पण मोठ्या मुलांसाठी? त्याच संघटनेने गेमिंगच्या विकाराची जी व्याख्या केली, तीत तासांचा आकडा कुठेच नाही. ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी ती व्याख्या आहे. एक पोरगं दोन तास बुद्धिबळ किंवा माइनक्राफ्ट खेळतं आणि दुसरं वीस मिनिटांत अब्बूंच्या खात्यातले सातशे रुपये पेट्यांवर उडवतं. घड्याळाच्या मते दुसरं पोरगं जास्त गुणी.

आपल्या फिकहमध्येही ही दृष्टी आहे. बुद्धिबळाबद्दल इमामांमध्ये मतभेद आहेत. कोणी नाजायज म्हटलं, शाफई फकीहांनी बरीच सवलत दिली. पण पैज लागली की मतभेद संपतो, मग सगळ्यांच्या मते हराम. म्हणजे आपल्या बुजुर्गांनी सोंगटीकडे पाहताना पैज कुठे आहे ते आधी पाहिलं. आजच्या बयानांत मात्र सगळा जोर सोंगटीवर असतो.

आता तुमच्याकडे वळतो. हे वाचणारे बहुतेक जण वीस ते तीसमधले आहात. अजून अब्बू-अम्मी नाही, पण भाईजान आहात, आपा आहात, मामू-चाचू आहात. घरातल्या लहान भावाचा पहिला गेमिंग आयडी कोणी काढून दिला? अब्बूंनी नक्कीच नाही. जन्मतारखेत वर्ष मागे कोणी ढकललं? ईदीच्या पैशातून पहिला टॉप-अप कोणी मारून दिला, कौतुकाने? पबजीच्या काळात रात्र-रात्र जागलेली ही पिढी आता नोकरीला लागली आणि ‘अरे, आम्हीपण खेळलो, काय झालं आम्हाला’ म्हणत धाकट्यांची वकिली करते आहे. घरात क्रेट म्हणजे काय हे समजणारे तुम्ही एकटेच आहात. मौलानांना ते ठाऊक असण्याचं कारण नाही, अम्मीला तर नाहीच. ज्याला समजतं तोच गप्प बसला, तर बाकीच्यांना मोबाईल हिसकावण्यापलीकडे काही सुचणार कसं?

आणखी एक गोष्ट फक्त तुम्हीच दुरुस्त करू शकता. आपल्या पुष्कळ घरांत यूपीआयचा पिन बारा वर्षांच्या पोराला पाठ असतो. ते चोरटं आहे म्हणून नव्हे. जिनिंगमध्ये किंवा भाजीच्या गाड्यावर काम करणाऱ्या अब्बूंना मेसेजमधलं इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून वीजबिल, गॅस, रिचार्ज सगळं तेच भरतं. घरातला मुनीमच तो! त्याच मुनीमाच्या फोनवर रात्री पेटी चमकते. पिन बदला, घरखर्चाचं खातं वेगळ्या फोनवर घ्या, प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. अर्ध्या तासाचं काम आहे. अमेरिकेतसुद्धा, डिसेंबर २०२२ मध्ये, फोर्टनाईट बनवणाऱ्या एपिक गेम्सला ग्राहक-संरक्षण यंत्रणेशी तडजोड करून साडेचोवीस कोटी डॉलर परताव्यासाठी मोजावे लागले, कारण बटणांची मांडणीच अशी होती की खेळता खेळता नकळत खरेदी व्हावी, असा आरोप होता. तिथल्या शिकलेल्या घरांत हे होतं, तर हिंगणघाटच्या एका खोलीच्या घराची काय कथा.

एका खोलीवरून मुलींचं आठवलं. गेमच्या विरोधात बोलणारे ‘पूर्वी पोरं मैदानावर खेळायची’ हे हमखास सांगतात. पोरं खेळायची. पोरी नाही. दहा-अकरा वर्षांची झाली की तिला दारात उभं राहायलाही मनाई, आणि मग हातात लूडो किंवा कँडी क्रश दिसला की टोमणा. तिच्यासाठी मोबाईल हेच मैदान आहे आणि ते तुम्ही काढून घेणार असाल, तर बदल्यात काय देणार ते आधी सांगा. सहीह हदीसमध्ये एक प्रसंग आहे. मस्जिदे नबवीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या चादरीचा आडोसा धरून हजरत आयशा (रजि.) यांना तो खेळ पाहू दिला, आणि त्यांचं मन भरेपर्यंत स्वतः उभे राहिले. कोवळ्या वयाच्या मुलीला खेळाची किती ओढ असते ते समजून घ्या, असं त्यांनीच पुढे सांगितलं. या हदीसवर मी आजवर बयान क्वचितच ऐकलं आहे. हातातून खेचणं सोपं. सोबत उभं राहणं, तेही तिचं मन भरेपर्यंत, हे कठीण.

मग घड्याळ नको, बंदी नको, तर मला हवं काय? एक तर साफ नकार हवा, आणि तो एकाच जागी: पैसे लावून नशीब काढण्याचा कोणताही प्रकार घरात चालणार नाही, मग तो दहा रुपयांचा असो. इथे सवलत नाही, वाढदिवसालाही नाही. बाकी गेमबद्दल घरातल्या मोठ्याने स्वतः तो गेम एकदा तरी मुलासोबत खेळलेला असावा. झोप, शाळा, नमाज आणि जेवण यांना धक्का लागत नसेल, तर सुट्टीच्या दिवशी तास-दोन तासांवरून घर डोक्यावर घेऊ नये.

सोबत रोजचा एक थांबा हवा, पण तो मोठ्यांनाही लागू असलेला. बान्सीपेक्षा मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव जास्त पटतं. कडेगाव तालुक्यातल्या या गावात ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरातले टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, पण मुख्य म्हणजे सासू-सुनांच्या मालिका आणि बापांचं व्हॉट्सॲपही बंद. बान्सीचा दंड मुलांसाठी होता, वडगावचा भोंगा सगळ्या गावासाठी आहे, हा फरक साधा नाही. मुलाला ओरडताना अब्बूंचा अंगठा रील सरकवत असेल, तर मुलाने काय ऐकावं?

आपल्याला तर भोंगाही विकत घ्यायचा नाही. मगरिबची अजान होते, आणि इशापर्यंत आपल्याकडे साधारण सव्वा ते दीड तास मिळतो. जवळपास वडगावइतकाच. या वेळात घरातले सगळे फोन, भाईजानचा आणि अब्बूंचा धरून, एका टोपलीत. वर्धा, पुलगाव, आर्वी, हिंगणघाट, कुठल्याही एका मशिदीच्या कमिटीने रमजान संपल्यावर, म्हणजे उत्साह ओसरतो तेव्हा, चाळीस दिवस हे करून पाहावं. मशिदीचं अंगण मगरिबनंतर मुलांना, आणि शाळेचा हॉल रविवारी मुलींना उघडा करावा. कॅरम लागेल, दोरीच्या उड्या लागतील. गोंगाट होईल, तो सहन करावा लागेल.

आणि ज्यांना स्क्रीन सुटत नाही त्यांना गेम बनवायला शिकवा. ही सूचना याच मातीतली आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मुलाने हाताने काही घडवत शिकावं हा विचार मांडला गेला, तेव्हा योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जामिया मिल्लियाचे कुलगुरू, पुढे देशाचे राष्ट्रपती. नई तालीम म्हटलं की आपल्याला सेवाग्राम आठवतं, पण तिचा आराखडा आपल्यातल्या एका शिक्षकाच्या देखरेखीखाली झाला, हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. तेव्हा टकळी होती. आता स्क्रॅच नावाचं मोफत साधन आहे, ज्यात ठोकळे जोडून आठ-दहा वर्षांचं पोर स्वतःचा गेम उभा करतं. जुना लॅपटॉप पुरतो. आम्ही दुरुस्तीच्या दुकानातून सहा हजारांत घेतला.

त्यावर माझ्या पुतणीने झाकीरसाहेबांच्याच ‘अब्बू खाँ की बकरी’ या गोष्टीवरून एक गेम केला. बकरी डोंगरावर चढते, लांडगा येतो. गोष्टीतल्यासारखीच तिची बकरी शेवटी हरते, कितीही चांगलं खेळा. चुलतभाऊ चिडला. नऊ वर्षांचा आहे. म्हणाला, एक बटण ठेव, दहा रुपये भरले की बकरी परत जिवंत. धंद्याची ही अक्कल त्याला कोणत्याही शाळेने दिलेली नाही. पुतणी म्हणाली, मग लांडगा कशाला ठेवू? दोघांचं त्यावरून अजून मिटलेलं नाही, आणि गेल्या रविवारी त्याने लॅपटॉप मागून घेऊन स्वतःची वेगळी बकरी काढायला सुरुवात केली आहे. तिला शिंगं जरा जास्तच मोठी आहेत.